बावन्न वजा सत्तावीस

ठाण्यातल्या एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देते. सतरा वर्षं त्याच शाळेत शिकवून गेल्या जूनमध्ये या बाई मुख्याध्यापिका झाल्या. पहिली ते सातवी, प्रत्येकी दोन तुकड्या. चौथी ब चं गणित त्या अजूनही स्वतःच घेतात. एका प्रशिक्षणात ऐकून त्यांनी 'एकमेकांचे तास पाहू या' हा उपक्रम सुरू केला: प्रत्येकाने महिन्याला दोन तास पाहायचे, दहा मुद्द्यांचा फॉर्म भरायचा, प्रत्येक मुद्द्याला पाचपैकी गुण. पहिले दोन महिने सगळ्यांनी सगळ्यांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास दिले. मग नव्याने लागलेल्या एका बाईंनी तिसरीच्या ज्येष्ठ सरांच्या गणिताच्या तासाबद्दल खरं तेच लिहिलं, 'सर प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.' फॉर्म टेबलावर राहिला, कुणीतरी वाचला, सरांपर्यंत गेला. आता मधल्या सुट्टीत डबे दोन वेगळ्या टेबलांवर उघडतात. संघटनेच्या माणसाचा फोन येऊन गेला. संस्थेचे सचिव दर महिन्याला अहवाल मागतातच. बाई विचारतात, 'हे बंद करू की सक्तीचं करू? आणि आपल्या शिक्षकांना सुधारायचंच नाही का?'

बाई,

शाळेतल्या सवयीने बाईच म्हणते, मॅडम माझ्या जिभेवर येत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस हा तुम्हाला आळस वाटला. मला तो चोख जबाब वाटतो. ही माणसं निवृत्तीपर्यंत एकाच स्टाफरूममध्ये डबा खाणार, एकमेकांचे बदली तास घेणार, त्यातली निम्मी बदलापूर-टिटवाळ्याहून पहाटेच्या एकाच लोकलने येणार. त्यांना तुम्ही सांगितलंत की सोबतच्या माणसाला गुण द्या, खाली सही करा आणि कागद मुख्याध्यापकांकडे द्या. शहाण्या माणसाने दुसरं काय करायचं? गुण मागितलेत, गुण मिळाले.

सुधारायचं नसतं, तर मधल्या सुट्टीत पोळी मोडता मोडता 'अहो, तो तुमचा अमुक मुलगा माझ्या तासाला तोंड उघडत नाही, तुमच्याकडे बोलतो का हो?' अशा गप्पा झाल्याच नसत्या. सतरा वर्षांत तुम्हीही त्या टेबलावर बसून त्या केल्या असतील. आपल्या शाळांमधलं खरं प्रशिक्षण तिथेच चालतं. फॉर्म आला आणि नेमकं तेच बंद पडलं.

आणखी एक. सध्याचा काळही नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर, ज्यांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे अशा पहिली ते आठवीच्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं भाग पडलंय. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं पुन्हा गाईड उघडून बसली आहेत. पट घसरतोय, पुढच्या संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, काय होईल याची धाकधूक आहेच. अशा वेळी वर्गाच्या मागच्या बाजूला कुणी कागद-पेन घेऊन बसलं, की पोटात गोळा येतो. तुमच्या मनात काय होतं ते त्यांना दिसत नाही, कागद दिसतो.

हा गोळा मला ओळखीचा आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी, खाडीपलीकडच्या एका शाळेत, तपासणीला साहेब आले. चौथीचा तास, जिल्ह्याचा नकाशा. मी नकाशा अडकवला आणि खिळाच निसटला. साहेब मागे खुर्ची टाकून बसलेले, त्यामुळे थांबायची हिंमत होईना. उरलेला सगळा तास मी डाव्या हाताने नकाशा भिंतीला दाबून धरून उजव्या हाताने फळ्यावर लिहीत शिकवलं. संध्याकाळी लॉगबुकात शेरा वाचला: 'शैक्षणिक साधनाचा वापर केला. फलकलेखन सुधारावे.' मुलांना नकाशात काय कळलं, यावर एक शब्द नव्हता. पुढे मी पर्यवेक्षिका झाले, तेव्हा इतरांच्या लॉगबुकात कितीतरी वेळा 'फलकलेखन सुधारावे' असं लिहिलं. माझ्याही हातून तेच झालं, म्हणून तुमच्यावर टीका करायचा मला फारसा हक्क नाही.

आता बंद की सक्ती याकडे येते. सक्ती केलीत तर अठ्ठेचाळीसचे पन्नास होतील, बाकी काही नाही. पूर्ण बंद केलंत तर 'पाहिलंत, एका फोनने थांबवलं' हा धडा सगळे शिकतील, आणि ज्या बाईंनी खरं लिहिलं त्या एकट्या पडतील. म्हणून मी म्हणेन की फॉर्म बंद करा, पाहणं चालू ठेवा. पण काय पाहायचं, ते बदला.

अमेरिकेत ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी शिक्षक-प्रशिक्षणावर कित्येक वर्षं काम केलं. नुसतं शिबिर करून वर्गात काही उतरत नाही, परतल्यावर सहकाऱ्याची सोबत लागते, हे त्यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं. त्यांचं १९९६ चं म्हणणं मात्र आपल्याकडच्या प्रशिक्षणांत फारसं कुणी सांगत नाही. शिक्षकांनी एकमेकांना अभिप्राय द्यायचा, हा भागच त्यांनी या सोबतीतून काढून टाकला. अभिप्राय द्यायला लागलं की माणसं साहेबासारखं बोलायला लागतात आणि सोबत मोडते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी सगळं उलटंच लावलं: जो शिकवतो तो दाखवणारा आणि जो मागे बसतो तो शिकणारा. मागे बसलेल्याने काही सांगायचं नाही, आपल्या वर्गासाठी काय नेता येईल ते बघायचं.

एवढ्याने तुमच्या शाळेतलं निम्मं भांडण मिटावं. उरलेल्या निम्म्यासाठी मी शिक्षकावरची नजर काढून मुलांच्या वहीवर वळवेन.

एक सोपं गणित घ्या. ५२ वजा २७. मुलांना कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या द्या, नाव नको, मांडणी खोडायची नाही. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ३५ येईल. आपण लाल पेनाने फुली मारतो आणि पुढे जातो. पण एखाद्या मुलाच्या शेजारी बाकावर बसून त्याची पुटपुट ऐका. एक म्हणतो, 'दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.' पस्तीस. त्याच्या मागच्या बाकावरची मुलगी म्हणते, 'शेजारून एक दशक घेतला, बारातून सात गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन.' तिचंही पस्तीस. उत्तर एकच, फुली एकच, पण दुखणी दोन. पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही. त्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्यावे लागतील, रबर काढून गठ्ठा सोडायला लावावा लागेल. मुलीला ते कळलंय, फक्त पाचावर काट मारून चार लिहायचं राहून जातं. तिला पुन्हा काड्यांवर नेलं तर ती कंटाळेल. (गंमत म्हणजे एककांच्या दोन अंकांतला फरक पाच असला तरच ही दोन दुखणी एका उत्तरात लपतात. ५३ वजा २७ दिलं तर एकाचं ३४ येईल, दुसरीचं ३६, आणि कागदच बोलेल. पण हे सुचायलाही कुणीतरी आधी पुटपुट ऐकलेली असावी लागते.)

फळ्याकडे उभं राहून चाळीस मुलांवर नजर ठेवणाऱ्या शिक्षकाला ही पुटपुट ऐकू येणं शक्य नाही. त्यात त्याची काही चूक नाही, तो उभाच अशा जागी असतो. दुसरा शिक्षक वर्गात यावा तो एवढ्यासाठी. त्याने मागची खुर्ची सोडून दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर मुलांत बसावं, तीन-चार मुलांवरच लक्ष ठेवावं आणि मुलं जे बोलली तेच लिहून आणावं. 'सरांनी' हा शब्द त्या कागदावर येताच कामा नये. हा एकच नियम मी कडक ठेवेन.

सुरुवात तुमच्यापासून करा. चौथी ब तुमच्याकडे आहे हे फार बरं झालं. पहिल्या चिठ्ठ्या तुमच्या वर्गाच्या असू द्या. चौथीत असूनही पस्तीस येतील, खात्री बाळगा. त्या स्टाफरूमच्या टेबलावर पसरा आणि सांगा, 'माझ्या वर्गात इतक्या जणांचं चुकलं, मला कारण सापडत नाहीये, बघा बरं.' पहिली चूक मुख्याध्यापिकेच्या वर्गाची निघाली की बाकीच्यांना आपापल्या चिठ्ठ्या काढायला संकोच वाटत नाही. मग तुमच्या तासाला दोघांना बोलवा. आलेल्यांनी तुमचं कौतुक करायचं नाही, हेही बजावून सांगा. नाहीतर पुन्हा अठ्ठेचाळीस.

जपानमध्ये हे काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून चालत आलंय. जुग्यो केन्क्यू म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ बारकाईने बांधतात, मुलं कुठे अडखळतील त्याचा अंदाज आधीच लिहून ठेवतात. एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहतात, मग बसून पाठ दुरुस्त करतात. पाठ सगळ्यांनी बांधलेला असल्यामुळे फसला तर सगळ्यांचा फसतो. मला त्यातलं एवढंच घ्यावंसं वाटतं. बाकीचं तिथल्यासारखं जसंच्या तसं करायला जाऊ नका. आपल्याकडे अर्धा स्टाफ मतदार याद्यांत आणि अर्धा यू-डायसच्या, म्हणजे शाळेची सरकारी माहिती ऑनलाइन भरायच्या, रकान्यांत अडकलेला असतो. वर्षातून प्रत्येक इयत्तेचा एक पाठ असा नीट बांधून झाला तरी मी ते वर्ष चांगलं गेलं म्हणेन.

लांब कशाला जायचं, आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मूल कुठे आहे ते आधी पाहिलं, शाळा कुठे भरवायची ते मग ठरवलं.

आता सर.

त्यांच्याकडे तुम्ही एकट्याने जा, केबिनमध्ये बोलावू नका. शाळा सुटल्यावर त्यांच्या वर्गात जा, बाकावर बसा. माफी मागा, पण नेमक्या गोष्टीची. बाईंनी लिहिलं ते खोटं होतं म्हणून नाही. तुम्ही गुणांचा कागद काढलात आणि तो टेबलावर उघडा राहू दिलात, म्हणून. तुमच्या मनात 'पण सरांनी इतकं लावून घ्यायला नको होतं' असं येत असेल, तर त्या दिवशी जाऊ नका. अर्धी माफी जास्त झोंबते.

बाईंनी जे लिहिलं ते सरांचं एकट्याचं वैगुण्य नाही, हेही त्यांना कळलं पाहिजे. मेरी बड रो नावाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलायला लागली. म्हणजे सर जे करतात ते जगभरचे शिक्षक करतात. मी एकदा मोबाईल टेबलाच्या खणात ठेवून माझाच तास रेकॉर्ड केला होता. रात्री ऐकताना लाज वाटली. मी 'कळलं?' विचारत होते आणि 'हो' सुद्धा मीच म्हणत होते. किती वेळा ते मोजायला घेतलं आणि दहाव्या मिनिटाला सोडून दिलं. तो प्रकार तुमच्या स्टाफमध्ये ज्याला हवा त्याने करून बघावा. आपला तास आपण ऐकायचा आणि पुसून टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही, ग्रुपवर तर मुळीच टाकायचा नाही.

सरांकडून तुम्हाला शिकायलाही काही असेलच. तिसरीला इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाला, मुलं कुठे अडतात ते त्या नवीन बाईंपेक्षा आणि तुमच्यापेक्षाही जास्त माहीत असतं. वजाबाकीचा पाठ बांधायला बसाल तेव्हा 'मुलं इथे काय काय चुका करतील?' हा प्रश्न त्यांना विचारा आणि थांबा. तीन सेकंद तरी.

नवीन बाईंना सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. तुम्ही विचारलंत, त्यांनी खरं सांगितलं. त्यांनाही त्यांच्या वर्गाच्या चिठ्ठ्या घेऊन टेबलावर बसू द्या. सगळं आपोआप सपाट होईल असं मी म्हणणार नाही. दोन टेबलांचं एक व्हायला दिवाळी उजाडेल, कदाचित पुढचा जूनही. एखादे सर कायमचे दूरच राहतील. राहू द्या. येतील त्यांच्यासोबत काम चालू ठेवा, न येणाऱ्यांची यादी करू नका.

एका बाबतीत लपवाछपवी नको. तुम्ही मुख्याध्यापिका आहात, लॉगबुक लिहिणं हे तुमचं काम आहे आणि गोपनीय अहवालही तुमच्याच हातात असतो. 'मी तुमच्यातलीच आहे हो' म्हणून ते विसरायला लावता येत नाही. त्यापेक्षा उघड सांगा: लॉगबुकसाठी येईन तेव्हा आधी सांगून येईन, पाठाच्या कामासाठी येईन तेव्हा जे दिसेल ते लॉगबुकात जाणार नाही. आणि हा शब्द एकदाही मोडू नका. अपवाद एकच. मुलाला मारणं, अपमान करणं दिसलं तर तिथे हा करार लागू नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने त्यावर बंदी आहे. तेव्हा मुख्याध्यापिका म्हणूनच बोलायचं, त्याच दिवशी.

सचिवांचं काय? त्यांनाही काहीतरी हवंय, ते द्या. 'या महिन्यात तिसरी-चौथीच्या वजाबाकीवर काम केलं. सुरुवातीला इतक्या मुलांचं चुकलं, तीन आठवड्यांनी इतक्यांचं.' सोबत चिठ्ठ्यांच्या दोन जोड्या, नाव नसलेल्या. कुठल्या शिक्षकाला किती गुण हे विचारलं तर शांतपणे सांगा की गुण देणं आपण थांबवलंय, कारण ते सगळे पन्नासपैकी अठ्ठेचाळीस येत होते. माझा अनुभव असा की हे ऐकून सचिवसुद्धा हसतात. ते कधीकाळी शिक्षक असतील तर नक्कीच. संघटनेच्या माणसालाही हेच सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

वेळेचं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण सगळं घोडं तिथेच अडतं. शाळा सुटल्यावर थांबवू नका, लोकांना दुपारची बदलापूर लोकल पकडायची असते. शनिवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही परिपत्रकं वाचून दाखवत असाल, तर ती व्हॉट्सॲपवर टाका आणि मोकळा झालेला पाऊण तास चिठ्ठ्यांना द्या. एकमेकांच्या तासाला जायचं तर वेळापत्रक तुमच्या हातात आहे: एका इयत्तेच्या दोन तुकड्यांचे गणिताचे तास एकाच वेळी ठेवू नका, आणि कुणाचा वर्ग सांभाळायचा झाला तर महिन्यातून दोन तास तुम्ही सांभाळा. हे वरचं काम आहे, असं कुणी म्हणालं, तर शिक्षण हक्क कायद्यातले आठवड्याचे ४५ तास तयारीसकट धरलेले आहेत, हे आठवण म्हणून सांगा. धमकी म्हणून नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते आपण कसे भरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. दीक्षा या सरकारी प्रशिक्षण-ॲपवरचा व्हिडिओ कुकरच्या शेजारी चालू ठेवून तीन शिट्ट्यांत एक प्रमाणपत्र निघतं.

ज्यांची शाळा एवढी मोठी नाही त्यांच्यासाठीही दोन ओळी. शहापूर-मुरबाडकडच्या दोन शिक्षकी शाळेत कुणी कुणाचा तास पाहायचा, असं एका सरांनी मागे विचारलं होतं. तिथे केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेचा उपयोग करा. जवळच्या शाळांनी एकमेकांना धरून राहावं ही कल्पना कोठारी आयोगापासूनची, म्हणजे १९६४-६६ ची आहे. परिषदेला जाताना आपल्या वर्गाच्या दहा चिठ्ठ्या पिशवीत घेऊन जा आणि चहाच्या वेळी शेजारच्या शाळेच्या बाईंसमोर ठेवा. केंद्रप्रमुख चांगले असतील तर पुढच्या वेळी ते स्वतःच अर्धा तास काढून देतील. आणि ज्या शिक्षकांच्या शाळेत मुख्याध्यापकांनाच यात रस नाही, त्यांनी शेजारच्या तुकडीचा एक मित्र गाठावा. दोघांना परवानगी लागत नाही.

बाई, तुमच्या पत्रात त्या नवीन बाईंचं आणि सरांचं, दोघांचं नाव होतं. ती पानं मी फाडून टाकली आहेत. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नावं नकोत. चौथी ब मध्ये किती चिठ्ठ्यांवर ३५ आलं आणि त्यातली किती मुलं काड्यांवर न्यावी लागली, तेवढं मात्र जरूर कळवा.